लहान मुले कोणत्या स्वरूपातले औषध नीट घेतात?

शेवंती (नाशिक)

नमस्कार. साडेतीन वर्षांच्या मुलाला तोंडावाटे द्यायचे औषध कोणत्या स्वरूपात दिले म्हणजे तो ते फारसा त्रास न होता आणि पूर्ण मात्रेत घेईल, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पावसाळा सुरू झाला की माझ्या मुलाची छाती भरते, श्वास घेताना घरघर होते, आणि डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे पातळ औषध लिहून देतात. कधी त्याच्या जोडीला प्रतिजैविकही असते. तापाचे केशरी, गोड सिरप तो मागून घेतो. प्रेडनिसोलोनचा पहिला थेंब जिभेला लागला की मात्र तोंड घट्ट मिटून घेतो, निम्मे औषध हनुवटीवरून सदऱ्यावर येते, आणि पोटात गेलेल्यापैकी काही उलटून पडते. नेमके किती औषध आत गेले हे मग कोणालाच सांगता येत नाही, आणि पुन्हा द्यावे की नाही याचाही निर्णय होत नाही.

सासूबाई त्याला मांडीवर आडवे घेऊन, नाक दाबून, बोंडल्याने औषध पाजतात. घरातली सगळी मुले त्यांनी अशीच वाढवली आहेत आणि त्यामागची त्यांची माया मला दिसते. पण ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाईल अशी धास्ती मला वाटते. मुलांना सिरपच द्यावे, गोळी मोठ्यांसाठी असते, असे आपण धरून चालतो, त्याला काही आधार आहे का? गोळी चुरून दुधातून किंवा मधातून दिली तर चालते का?

कृष्णाकाठ (बालरोगतज्ज्ञ, सांगली)

शेवंतीताई, आधी तातडीचे सांगतो. मुलाला आडवे करून, नाक दाबून औषध पाजणे कृपया आजच थांबवावे. नाक दाबले की मूल तोंडाने श्वास ओढते आणि त्या श्वासाबरोबर औषध श्वासनलिकेत उतरू शकते. छाती मुळातच भरलेली असताना ही जोखीम घेऊ नये. बोंडले भांडे म्हणून वाईट नाही, पण त्यावर मापाच्या खुणा नसतात आणि त्याच्या चोचीतून धार थेट घशाकडे जाते. त्याऐवजी सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घ्यावी, मुलाला मांडीवर ताठ बसवावे, सिरिंजचे टोक गाल आणि दाढा यांच्या फटीत ठेवावे आणि एका वेळी साधारण एक मिली औषध सोडून तो गिळेपर्यंत थांबावे. औषध जिभेवर पसरत नाही, त्यामुळे चव थोडी कमी जाणवते आणि थुंकणेही अवघड जाते. सासूबाईंना हे करून दाखवले तर त्यांचा अनुभवी हात इथेही उपयोगी पडेल.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. पातळ औषध म्हणजे मुलांचे औषध हा समज इतका पक्का आहे की आम्ही डॉक्टर मंडळीही हात आपोआप सिरपकडे नेतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 306 मुलांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढ्या, गोळीची गोड ग्लुकोज सिरपशी तुलना केली होती, आणि मुलांनी ती इवलीशी गोळी सिरपपेक्षा अधिक चांगली स्वीकारली. त्याच गटाने पुढे दोन ते अठ्ठावीस दिवसांच्या 151 नवजात बालकांवर तसाच प्रयोग केला आणि तिथेही गोळी मागे पडली नाही. नेदरलँड्समध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांना त्यांच्या घरी चार मिलिमीटरची गोळी, सिरप, सस्पेन्शन (म्हणजे औषधाचे न विरघळलेले कण असलेले पातळ औषध) आणि भुकटी अशी चार स्वरूपे देऊन पाहिली, तेव्हा गोळी आणि सिरप पुढे राहिले आणि सस्पेन्शन व भुकटी मागे पडली. या सर्व अभ्यासांत गोळीत औषध नव्हते, त्यामुळे कडूपणाचा प्रश्न त्यांत आलाच नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि बाजारात मिळणारी नेहमीची गोळी याहून कितीतरी मोठी असते, ती साडेतीन वर्षांच्या मुलाला अखंड गिळायला देऊ नये.

तरीही या निष्कर्षांमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूल औषध नाकारते तेव्हा ते चव, वास, तोंडात लागणारा रवाळपणा आणि एकूण प्रमाण या चारही गोष्टींना एकदम नकार देत असते. सिरपमध्ये औषध विरघळलेले असल्याने त्याचा कण न् कण जिभेला भिडतो. साखर आणि स्वाद कडूपणावर काही क्षण पांघरूण घालतात, पण गिळल्यानंतर मागे राहणारी कडू चव झाकणे फार कठीण असते. त्यातच लहान मुलांना कडू चव अनेकदा मोठ्यांपेक्षा तीव्र लागते, त्यामुळे आपण बोटाला लावून चाखलेले औषध आपल्याला ठीक वाटले म्हणून मुलालाही तसेच वाटेल असे नाही. पाच मिली कडू औषध दोन-तीन घोटांत संपवावे लागते, आणि मधल्या प्रत्येक घोटाला मुलाला नकाराची नवी संधी मिळते. युरोपीय औषध संस्थेने 2013 साली मुलांच्या औषधांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मुलाची औषध घेण्याची तयारी आणि देणाऱ्याला ते ठरल्याप्रमाणे देता येणे या दोन्हींचा एकत्र विचार केला आहे. मला ही भूमिका मनापासून पटते, कारण दवाखान्यात आम्ही फक्त रोगाला औषध लागू पडते का एवढेच पाहतो आणि रात्री दोन वाजता ते पाजणाऱ्या आईचा विचार राहून जातो.

तुमच्या मुलाबद्दल दोन गोष्टी आपल्या डॉक्टरांना जरूर विचाराव्यात. पहिली अशी, की विषाणूंमुळे होणाऱ्या सौम्य घरघरीत या वयात तोंडावाटे स्टेरॉइडचा फायदा होतोच असे नाही. आणि ते खरोखर आवश्यक असेल तर प्रेडनिसोलोनऐवजी डेक्सामेथासोन हे दुसरे स्टेरॉइड चालेल का? दम्याच्या झटक्यात ते कमी दिवस द्यावे लागते आणि त्याने उलटीही कमी होते असे अभ्यासांत दिसले आहे. दुसरी गोष्ट श्वासावाटे द्यायच्या औषधाची. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पाच मिली सिरपमध्ये साधारणपणे 2 मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. पण ते थेट फुप्फुसात पोहोचते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मुखवटा लावून साडेतीन वर्षांचे मूल हे औषध उत्तम घेऊ शकते. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. मूल रडत असताना मुखवटा तोंडावर दाबून धरला तर औषध फारच थोडे आत जाते, म्हणून मुलाची तब्येत चांगली असताना स्पेसर त्याच्या हाती खेळायला द्यावा आणि बाहुलीला लावून दाखवावा. धुताना तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यावा. पुसल्याने आतल्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण तिथेच चिकटून राहतात.

उलटीबद्दल: औषध घेतल्याबरोबर सगळे बाहेर पडले तर बरेचदा तोच डोस पुन्हा देता येतो, पण हे औषधागणिक बदलते, तेव्हा डॉक्टरांना फोन केल्याखेरीज देऊ नये. औषध लिहून घेतानाच ‘उलटी झाली तर काय करू?’ असे विचारून ठेवणे सर्वांत बरे.

खलबत्ता (फार्मासिस्ट, पुणे)

डॉक्टरांनी वर फार चांगले लिहिले आहे. दुकानाच्या फळीच्या या बाजूने दिसणारे काही मुद्दे जोडतो.

सिरप आणि साधी गोळी यांच्या मध्ये एक स्वरूप आहे, ते म्हणजे पाण्यात लगेच विरघळणारी गोळी. पाकिटावर औषधाच्या नावापुढे ‘डीटी’ अशी अक्षरे असतात. चमचाभर पाण्यात ती एक-दोन मिनिटांत मोकळी होते, त्यामुळे बाटलीभर सिरपऐवजी एकच चमचा पाजावा लागतो, गोळी फ्रीजशिवाय टिकते आणि प्रवासात सांडत नाही. प्रतिजैविकांपैकी अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम या स्वरूपात सहज मिळतात. प्रेडनिसोलोनही मिळते, पण ते पाण्यात मिसळल्यावर कडूच लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. पालक सिरपच मागतात आणि चिठ्ठीवरही बहुधा सिरपच असते, म्हणून ‘याची विरघळणारी गोळी मिळेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांकडे असतानाच विचारावा. चिठ्ठीवर लिहिलेले स्वरूप आम्ही परस्पर बदलणे योग्य नाही.

हाती असेल ती गोळी चुरणे हा मात्र वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे. काही गोळ्यांवर आतड्यात जाऊन विरघळणारे वेष्टन असते, काही गोळ्या औषध बारा किंवा चोवीस तास हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या अशा गोळ्या घरोघरी आहेत. त्या चुरल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे चावले किंवा कुटले की पोटातले आम्ल त्यांना निकामी करते. त्यामुळे ‘चुरून चालेल का?’ हे दर वेळी आणि प्रत्येक औषधासाठी विचारायलाच हवे.

मिसळण्याबाबत सांगायचे तर, औषध कधीही भरल्या पेल्यात किंवा दुधाच्या बाटलीत टाकू नये. मुलाने अर्धे दूध सोडले तर किती औषध गेले ते कळत नाही, आणि दुधाला एकदा कडू चव लागली की मूल दूधच नाकारू लागते, जे आजारपणात अधिक नुकसानीचे आहे. एक चमचा मऊ अन्न, उदाहरणार्थ कुस्करलेले केळे किंवा सफरचंदाचा गर, एवढ्यातच मिसळावे आणि लगेच भरवावे. काही प्रतिजैविके आणि लोह यांचे दुधाशी पटत नाही, त्यातले कॅल्शियम औषध बांधून ठेवते. मध एक वर्षाखालील बाळाला अजिबात देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा विषबाधेचा गंभीर आजार होऊ शकतो. तुमच्या मुलाच्या वयात तो धोका नाही.

मापाविषयी थोडे कळकळीने लिहितो. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असते, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत 120 किंवा 125, आणि तीव्र सिरपमध्ये पाच मिलीत 250. डॉक्टरांनी 150 मिलिग्रॅम सांगितले असेल तर ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिली होते, 250च्या बाटलीतून तीन मिली, आणि 125च्या बाटलीतून सहा मिली. मूल सहा मिली घेत नसेल तर डॉक्टरांना विचारून तीव्र बाटली घेतल्याने काम निम्म्यावर येते. पण जुन्या बाटलीचे माप नव्या बाटलीला लावले तर डोस दुप्पट होतो. घरातला चमचा मापाला वापरू नये. पावडरची बाटली, म्हणजे ड्राय सिरप, उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून तयार करावी आणि दर वेळी चांगली हलवावी. न हलवता दिली तर वरवरचे औषध पातळ जाते आणि तळाचा सगळा गाळ शेवटच्या दिवसांत मुलाच्या तोंडी येतो, मग चांगले औषध घेणारे मूलही तोंड फिरवते.

स्वाद किती निर्णायक असतो याचे एक उदाहरण देतो, कारण त्याचा संबंध मुंबईच्या औषध कंपन्यांशी आहे. एचआयव्ही असलेल्या बाळांना लोपिनावीर आणि रिटोनावीर यांचे जे सिरप दिले जात असे, ते अतिशय कडू, चाळीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले आणि थंडाव्यात ठेवावे लागणारे होते. सिप्लाने त्याचे बारीक दाणे कॅप्सूलमध्ये भरून आणले आणि 2015 मध्ये त्यांना अमेरिकी औषध प्रशासनाची तात्पुरती मान्यता मिळाली. थंडाव्याची आणि अल्कोहोलची अडचण सुटली. पण दाणे पेजेत घालून ढवळत बसले किंवा मुलाने चावले की कडूपणा पुन्हा वर येई. पुढे 2020 च्या अखेरीस एचआयव्हीवरच्याच डोल्युटेग्राविर या औषधाची 10 मिलिग्रॅमची, स्ट्रॉबेरीच्या स्वादाची, पाण्यात विरघळणारी गोळी आली. व्हियाट्रिस आणि मुंबईचीच मॅक्लिऑड्स यांच्याशी झालेल्या करारानुसार तिचा खर्च एका मुलामागे वर्षाला 40 डॉलरच्या आत ठरला. एकाच आजाराच्या औषधाने तीन स्वरूपे बदलली, आणि प्रत्येक वेळी बदलामागचे एक मोठे कारण मूल ते घेते की नाही हेच होते.

पायवाट (गटप्रवर्तक, नंदुरबार)

आमच्या भागात फ्रीज नसलेली घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे खलबत्ता यांनी सांगितलेली विरघळणारी गोळी आमच्यासाठी सोयीपेक्षा गरजेची वस्तू आहे. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएससोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. आशाताई पहिली गोळी आईच्या हातूनच द्यायला लावते: चमच्यात आईचे दूध काढायचे, त्यात गोळी सोडायची, ती आपोआप फुटून मोकळी झाली की चमचा हळूच बाळाच्या ओठाला लावायचा. बोटाने चोळून गोळी फोडण्याची गरज पडत नाही, हे पाहिले की आईला धीर येतो. झिंकची धातूसारखी चव मागे राहते, पण बाळे ती बहुधा सहन करतात. खरी गळती नंतर होते, कारण तीन-चार दिवसांत जुलाब थांबले की घरातले लोकच गोळी बंद करतात. मुलाने औषध स्वीकारणे आणि घराने स्वीकारणे या दोन्हींकडे पाहावे लागते.

क्षयरोगाच्या औषधांत हे फारच जाणवते. पूर्वी मोठ्यांच्या गोळ्या तोडून, कुटून मुलांना दिल्या जात. आता तीन औषधे एकत्र असलेली, फळाच्या स्वादाची, पाण्यात विरघळणारी मुलांची गोळी आहे; जागतिक पातळीवर ती 2015 च्या शेवटी आली. वजनाप्रमाणे एक ते चार गोळ्या थोड्या पाण्यात विरघळवून सकाळी द्यायच्या असतात. मुले ती घेतात. पण तिच्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते आणि आधी सांगितले नसेल तर आई घाबरून उपचार थांबवते. म्हणून गोळी हातात देण्याआधी लघवीच्या रंगाबद्दल बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल देतानाही शेवंतीताईंची धास्ती आठवावी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी चुरून पाण्याबरोबर, त्यापुढे 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. अगदी लहानांना तीही चुरून आणि मोठ्यांना चावून. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात गोळी कोंबायची नाही. ते शांत होईपर्यंत थांबायचे, नाही झाले तर दुसऱ्या दिवशी बोलवायचे. अंगणवाडीत रांग मोठी असली तरी हा नियम मोडू नये असे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

इसारकाठ (म्युनिक)

इथे जर्मनीत लहान मुलांच्या तापावर गुदद्वारातून द्यायची पॅरासिटामॉलची सपोझिटरी अगदी सर्रास वापरतात; 75, 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा वयाप्रमाणे वेगवेगळ्या असतात. मूल उलट्या करत असेल किंवा झोपेत असेल तेव्हा तिचा फार उपयोग होतो. पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना हा प्रकार प्रथम अवघड वाटला, आणि मुलगी चार वर्षांची झाल्यावर तिलाच संकोच वाटू लागला, तेव्हा आम्ही सिरपकडे वळलो. भारतातही हे स्वरूप मिळते, पण तोंडावाटे जे औषध द्यायचे तेच घरच्या घरी या मार्गाने देता येते असे समजू नये. डॉक्टरांनी सांगितले तरच आणि त्यासाठी बनवलेलेच वापरावे.

शेवंती (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी स्पेसर आणि मुखवटा लिहून दिला आहे, आणि तोंडावाटे स्टेरॉइड केव्हा लागेल व केव्हा नाही हे कागदावर लिहून दिले. सासूबाईंनी सिरिंज हाताळून पाहिली. गालाच्या कडेने देणे त्यांना पटले आहे. आणखी एक विचारते. माझी मोठी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तीही अजून सिरपच घेते. तिला गोळी गिळायला कसे शिकवावे?

कृष्णाकाठ (बालरोगतज्ज्ञ, सांगली)

आठ वर्षे हे शिकवण्यास उत्तम वय आहे. बरीच मुले त्याआधीही शिकतात. मुलगी आजारी नसताना, शांत वेळी, तिला ताठ बसवून सुरुवात करावी. आधी घोटभर पाणी पिऊ द्यावे, मग जिभेच्या मध्यावर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवून पाण्याबरोबर गिळायला सांगावे. ते जमले की साबुदाण्याएवढी साखरेची गोळी, नंतर साखरेचे वेष्टन असलेली रंगीत बडीशेप, असे आकार वाढवत न्यावे. मान मागे टाकू देऊ नये, मागे टाकल्याने गिळणे अवघड होते. एका बैठकीत पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये, आणि एखादा आकार जमला नाही तर आधीच्या आकारावर परत यावे. धाकट्यासमोर हा सराव करू नये, तो पाहून दाणे तोंडात टाकेल. आणि खरी गोळी देताना तिला ‘चॉकलेट’ म्हणू नये. औषधाला औषधच म्हणावे आणि डबा दोघांच्याही हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा.